साडेसहाशेची मी, चौदाशेचा विमा

अहो, जरा बाजूला सरून उभे राहा, बॉनेट अजून तापलेलं आहे. इकडेतिकडे बघू नका, मीच बोलतेय. स्लाऊच्या या रस्त्यावर निमकरांच्या दारात उभी असलेली ही लाल, बुटकी, एक लिटर इंजिनाची गाडी. आत्ताच चाळीस मैल फिरून आले आहे. अंगात वारं भरलंय, आणि अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

माझा जन्म १९९६ सालचा, इंग्लंडच्या उत्तरेला, सन्डरलँडच्या कारखान्यात. घराणं जपानी, जन्म इंग्लिश आणि घर मराठी, तेव्हा बोलण्यात सरमिसळ झाली तर चालवून घ्या. रंगाच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा मी इतकी चकचकीत होते, की समोरून येणाऱ्या एका कामगाराने माझ्या दारात बघून भांग नीट केला. आयुष्यात मी केलेलं हे पहिलं काम.

माझ्या पहिल्या मालकीण मिस ॲबट. विंडसरच्या निवृत्त ग्रंथपाल. दर रविवारी चर्च, दर बुधवारी रोपवाटिका, आणि वर्षातून एकदा बहिणीकडे. काटा तिसाच्या वर गेला की त्या हळूच 'सॉरी' म्हणायच्या. मला म्हणायच्या की रस्त्याला, ते नऊ वर्षांत कळलं नाही. माझी काळजी फार घेतली त्यांनी, पण खरं सांगते, मी कंटाळून गेले होते. माझं इंजिन लहान असेल, पण त्याला इच्छा होत्या.

२००५च्या सप्टेंबरात मिस ॲबट वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि त्यांच्या भाच्याने मला विकायला काढलं. तेव्हा श्रीकांत निमकर मला बघायला आले. एकदा नाही, तीनदा. श्रीकांतराव स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात माल तपासायचं काम करतात. छापलेलं काहीही दिसलं की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, ही त्यांची सवय. शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा ते सोडत नाहीत. माझं सर्व्हिसचं पुस्तक त्यांनी भाच्याच्या अंगणात उभ्याने वाचून काढलं. भाचा मधूनमधून घड्याळाकडे बघत होता. शेवटी सातशेच्या ठिकाणी साडेसहाशे पौंडांना सौदा ठरला, आणि मला वाटतं भाच्याने ते पन्नास पौंड सुटका व्हावी म्हणून सोडले.

मला घेतलं ते ऋजुतासाठी. ऋजुता म्हणजे श्रीकांतरावांची एकुलती एक मुलगी. ऑक्टोबरात सतरा पूर्ण होत होती. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणी सगळीच मुलं तसं म्हणतात, पण ही सतराव्या वर्षीही म्हणत होती आणि तिचे मार्कही तसे होते. पण विद्यापीठांना नुसते मार्क नको असतात. जनावरांत प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो. कुत्र्यांचं वसतिगृह झालं, मांजरांचा दवाखाना झाला. राहिलं होतं ते मेंढ्यांचं बाळंतपण, इंग्रजीत लॅम्बिंग. वसंतात मेंढ्या वितात, त्या तीन आठवड्यांत शेतावर राबून शेतकऱ्याचं पत्र मिळवायचं. त्याशिवाय अर्ज म्हणजे नुसता कागद.

बीकन्सफील्डच्या पुढे, चिल्टर्नच्या टेकड्यांत मिसेस पोलार्ड नावाच्या बाईंचं शेत होतं. त्या घ्यायला तयार झाल्या. त्यांची अट एकच. ईस्टरच्या सुट्टीत तीन आठवडे, रोज सकाळी साडेसहाला गोठ्यात हजर. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस. आणि त्या गावाला बस होती फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, तीही दुपारी. आईबाबा सोडायला जाणार तर श्रीकांतरावांची पाळी सहाला सुरू व्हायची, आणि सुचेताताईंना, म्हणजे ऋजुताच्या आईला, गाडी चालवताच येत नव्हती. म्हणून मी.

हिवाळाभर ऋजुता माझ्यावर शिकली. पुढेमागे लाल अक्षराची पाटी, शेजारी बाबा. विमा बाबांच्या नावावर, ही शिकाऊ, म्हणून तो अडीचशे पौंडांत भागला. पोरगी चालवायची मात्र देखणी. आरसा, सिग्नल, पुन्हा आरसा. रस्ता रिकामा असला तरी ती थांबायची, दोन्हीकडे बघायची, आणि मग एखाद्या कबुतरालाही आधी जाऊ द्यायची. मिस ॲबट तिला बघून धन्य झाल्या असत्या. मी मनातल्या मनात म्हणायचे, आलं, पुन्हा तिसाचं नशीब आलं.

मार्चच्या वीस तारखेला ती पहिल्या फटक्यात पास झाली. सुचेताताईंनी पेढे केले. शेजारच्या पंजाबी काकूंना दिले, समोरच्या आयरिश आजोबांना दिले, परीक्षा घेणाऱ्या साहेबासाठीसुद्धा डबा भरला होता, पण श्रीकांतरावांनी तो लाच ठरेल म्हणून अडवला. माझ्याही डॅशबोर्डवर एक पेढा ठेवला. आणि त्याच संध्याकाळी श्रीकांतरावांनी, मुलगी पास झाली आहे, असं विमा कंपनीला आनंदाने कळवलं.

कंपनीने अभिनंदन केलं आणि नवा आकडा सांगितला. चौदाशे ऐंशी पौंड.

कारण असं, की शिकाऊ पोरीच्या शेजारी बाप असतो. पास झालेली पोरगी एकटी निघते. आणि सतरा वर्षांचं माणूस एकटं निघालं की ते कुठेतरी आपटणार, असा कंपनीचा हिशोब. मुलगी म्हणून हा आकडा बराच कमी होता म्हणे. मुलगा असता तर दुप्पट. घरात सुतक पडल्यासारखं झालं. सुचेताताई वाटून उरलेल्या पेढ्यांकडे बघत म्हणाल्या, नापास झाली असती तर परवडलं असतं.

आणि मी? माझी किंमत साडेसहाशे, आणि मी काय मोडतोड करीन या भीतीची किंमत चौदाशे ऐंशी. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. दहा वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी धोकादायक म्हटलं होतं. दोन दिवस मी त्याच तोऱ्यात उभी होते. तिसऱ्या दिवशी ऋजुता एकटीच येऊन माझ्या आत बसली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडली, तेव्हा माझा तोरा उतरला. एवढे पैसे निमकरांकडे नव्हते. घराचं कर्ज होतं, घर तापवणारा बॉयलर नुकताच बदलला होता. आणि मेंढ्या काही विमा स्वस्त होईपर्यंत थांबणार नव्हत्या.

मग आले सतीशकाका. श्रीकांतरावांचे महाराष्ट्र मंडळातले मित्र, सगळ्या प्रश्नांवर तोडगा खिशात घेऊन फिरणारे. त्यांच्या मुलाच्या, शार्दूलच्या, विम्याचा आकडा एकोणतीसशे आला होता. त्यांनी काय केलं, तर मुख्य चालक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि शार्दूल नुसता कधीमधी चालवणारा. गाडी रोज शार्दूलच फिरवतो, पण कागदावर काका. "अरे श्रीकांत, सगळे करतात," काका म्हणाले. "इट्स जस्ट पेपरवर्क."

चौथ्या दिवशी श्रीकांतरावांनी तसाच विमा काढला. मुख्य चालक श्रीकांत निमकर, अधूनमधून चालवणार ऋजुता. सहाशे वीस पौंड. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण आत्मवृत्त सांगायचं तर लपवून कसं चालेल. विमा सुरू होणार होता मार्चच्या तीस तारखेला. त्या दिवशी गुढीपाडवा होता, आणि शेतावर जायचं होतं सोमवारी, तीन एप्रिलला.

आता पाडव्याची गोष्ट ऐका. मी घरात आले तेव्हा माझी पूजा राहून गेली होती. घेतलं ते पितृपक्षात, म्हणून पूजा दसऱ्यावर ढकलली, तर दसऱ्याला मी वार्षिक तपासणीसाठी गॅरेजमध्ये. म्हणून पाडव्याला साग्रसंगीत करायचं ठरलं. सुचेताताईंनी वेम्बलीहून झेंडूचे हार आणि नारळ आणले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मला इतकं लाजायला झालं. मिस ॲबटनी नऊ वर्षांत माझ्या अंगावर पॉलिशशिवाय काही लावलं नव्हतं.

नारळ फोडायचा मान श्रीकांतरावांचा. त्यांनी तो माझ्यापुढे फुटपाथच्या कडेवर आपटला. नारळ फुटला नाही. पुन्हा आपटला. नारळाला ओरखडा नाही. समोरचे आयरिश आजोबा खिडकीत येऊन उभे राहिले. सुचेताताई हळूच म्हणाल्या, हातोडी देऊ का. मग मात्र श्रीकांतरावांनी ओठ आवळले, हात डोक्यावर नेला आणि सगळा जोर लावून नारळ फेकला. नारळ कडेवर आपटला, टुणकन उडाला आणि सरळ माझ्या डाव्या दिव्यात घुसला. दिवा फुटला. नारळ शाबूत.

दुखलं, नाही म्हणत नाही. पण मला हसू आवरत नव्हतं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? भंगारवाल्याकडे जाऊन पंधरा पौंडांना जुना दिवा आणून बसवला असता. पण श्रीकांतरावांनी विम्याची पुस्तिका वाचली होती. एकेचाळीस पानं. कुठलीही घटना, कितीही किरकोळ असली तरी, ताबडतोब कळवावी असं एकविसाव्या पानावर लिहिलं होतं. कपाळावर गंध तसंच, आणि ते फोन घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले. ऐकताना माझी पुरेवाट झाली. पलीकडच्या मुलीने विचारलं, गाडी कुठल्या वाहनाला धडकली. वाहन नाही, नारळ. तो झाडावरून पडला का. नाही, स्लाऊला नारळाची झाडं नाहीत. मग गाडीत कोण होतं. कोणीच नाही, गाडी उभी होती आणि चाकांखाली लिंबं होती. पलीकडे बराच वेळ नुसता टाइपिंगचा आवाज येत होता.

शेवटी तिने सहज विचारलं, हा समारंभ कशासाठी होता. आणि इथे श्रीकांतराव फसले. ते म्हणाले, माझी मुलगी सोमवारपासून रोज ही गाडी घेऊन शेतावर जाणार आहे, तिचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून.

म्हणजे गाडी रोज तुमची मुलगी चालवणार का, पलीकडच्या मुलीने विचारलं.

श्रीकांतरावांनी माझ्याकडे पाहिलं. हाराकडे, कुंकवाकडे, त्या न फुटलेल्या नारळाकडे. त्या क्षणी एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. "हो," ते म्हणाले. "गाडी खरं म्हणजे तिचीच आहे."

ती मुलगी भली होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, की मग हा विमा असा चालणार नाही. एक तर चौदाशे ऐंशी भरा, नाही तर आजच रद्द करते, पैसे परत मिळतील. श्रीकांतरावांनी रद्द करायला सांगितलं, तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

दारात ऋजुता उभी होती. "बाबा, तुम्ही नारळ का रिपोर्ट केली?" तिने विचारलं. "कोणी नारळ रिपोर्ट नाही करत. आता माझा लॅम्बिंग गेला. सगळाच गेला." श्रीकांतराव खाली बसून चाकांखालची लिंबं गोळा करू लागले.

आतापर्यंत मी लीलावती आजींबद्दल बोलले नाही, कारण घरातही त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नसे. त्या श्रीकांतरावांच्या आई. वय अडुसष्ट. पुढच्या खोलीत खिडकीशी बसायच्या, थालीपिठाची भाजणी करायच्या, बातम्या बघायच्या. त्या चाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून नर्स म्हणून इथे आल्या, पुढे सुईण झाल्या, आणि बकिंगहॅमशरच्या खेड्यापाड्यांतून सरकारी गाडी घेऊन वीस-पंचवीस वर्षं बाळंतपणं करत हिंडल्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याही लक्षात नव्हतं. निवृत्त झाल्या, सरकारी गाडी परत केली, आणि नऊ वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

त्या काठी टेकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, फोन दे. त्यांच्या हातात हिरव्या कागदाचं जुनं लायसन्स होतं, घडीवर घडी घातलेलं. पलीकडे तीच मुलगी. वय सांगितलं, निवृत्त सुईण म्हणून सांगितलं, एकही अपघात नाही म्हणून सांगितलं. आकडा आला दोनशे दहा पौंड.

श्रीकांतराव घाबरून म्हणाले, "आई, पुन्हा खोटं नको. मुख्य चालक तू नाहीस."

"मीच आहे," आजी म्हणाल्या. "पोरीला मी नेणार. रोज. खोटं कसलं त्यात?"

शनिवारी श्रीकांतरावांनी भंगारातून दिवा आणून बसवला. रविवारी ट्रेडिंग इस्टेट बंद असते, तिथल्या रिकाम्या रस्त्यांवर आजींचा सराव झाला. कालपर्यंत शिकाऊ असलेली ऋजुता आता शिक्षिका. आजी, मिरर. आजी, मिनी-राउंडअबाउट, त्याच्यावरून नाही, बाजूने. आजींनी सीट पार पुढे ओढली, साडीचा पदर खोचला, चष्मा नाकावर चढवला, आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझा तिसरा गिअर त्याच्या लायकीप्रमाणे वापरला.

आणि सोमवार उजाडला. अहो, काय सांगू. आजी रस्त्यावर लागल्या आणि मला कळलं, सुईण गाडी कशी चालवते. त्यांनी सगळं आयुष्य 'पाणी गेलंय, लवकर या' असे निरोप ऐकून गाडी हाकली होती. त्यांच्यासाठी प्रत्येक रस्त्याच्या शेवटी एक बाळ येऊ घातलेलं असायचं. चिल्टर्नच्या त्या अरुंद, कुंपणाच्या गल्ल्यांतून मी अशी सुटले, की तितर उडाले, ससे पळाले, आणि दूधवाल्याने गाडी कडेला घेऊन आम्हाला सलाम केला. वेगाची मर्यादा मोडली नाही हं, पण तिला खेटून राहिल्या. शेजारी ऋजुता दाराची कडी धरून डोळे मिटून बसलेली. कबुतराला वाट देणारी पोरगी कंपनीला चौदाशेची धास्ती, आणि ह्या दोनशे दहाच्या. मी वळणावर खिदळत होते. माझं इंजिन दहा वर्षं ज्याची वाट बघत होतं ते हेच.

पहिले दहा दिवस ऋजुताने गवत पसरलं, बादल्या उचलल्या, कोकरांच्या कानात बिल्ले अडकवले. आजी माझ्यात बसून थर्मासमधला चहा प्यायच्या आणि उघड्या दारातून गोठ्यात बघत असायच्या. मिसेस पोलार्ड फार बोलत नसत. ऋजुता घाबरते आहे हे त्यांना दिसत होतं. तिने अजून एकाही मेंढीला हात लावून कोकरू काढलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच तर पत्र हवं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी त्या बिनखिडक्यांच्या गोठ्यातली वीज गेली. एक मेंढी अडली होती. मिसेस पोलार्ड लांबच्या शेडमध्ये दुसरीपाशी अडकल्या होत्या, तिथून त्यांनी ओरडून सांगितलं, तुझं तू बघ, मला येता येणार नाही. ऋजुता अंधारात मेंढीपाशी गुडघे टेकून बसली होती आणि तिचे हात हलत नव्हते. आजींनी मला गोठ्याच्या तोंडाशी नेलं आणि दोन्ही दिवे लावले. मी होता तेवढा उजेड आत टाकला. मग आजी उतरल्या, कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आजी, एकच पाय लागतोय," ऋजुता म्हणाली. "दुसरा नाही सापडत. तू कर ना. प्लीज."

मला वाटलं, आजी आत शिरतील. आजींचे हात शिवशिवत होते, मी पाहिलं. पण त्यांनी कठडा सोडला नाही.

"मी नाही करणार. तू करणार," त्या म्हणाल्या. "घाई करू नकोस. तिला कळ येईल तेव्हा थांब. कळ गेली की डोकं हळूच मागे सरकव, मग पाय आपोआप हाताला येईल."

ऋजुता थांबली. मेंढी कण्हली. कळ आली, गेली. पोरीचा हात कोपरापर्यंत आत, आणि ओठ पांढरे पडलेले. मग तिने एकदम वर पाहिलं, आणि मला कळलं की सापडला. पुढच्या दोन मिनिटांत गवतावर एक पिवळट, ओलं, लडबडलेलं कोकरू पडलं. ते हलत नव्हतं. आजी फक्त म्हणाल्या, नाक पूस आणि गवताने घास. ऋजुताने घासलं, घासलं, आणि कोकरू शिंकलं. अहो, नुसतं शिंकलं, पण मला हॉर्न वाजवावासा वाटला.

मिसेस पोलार्ड आल्या तेव्हा कोकरू दूध पीत होतं, ऋजुता रडत होती, आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि माझी बॅटरी उतरली होती. ट्रॅक्टरला तारा जोडून मला सुरू करावं लागलं. त्या अपमानाचं मला काही वाटलं नाही. तीन आठवड्यांनी मिसेस पोलार्डनी पत्र दिलं. चारच ओळी होत्या. शेवटची ओळ अशी, की माझ्या मेंढ्या मी या मुलीच्या भरवशावर सोडेन.

पुढचं झरझर सांगते. ऑक्टोबरात अर्ज गेला, मुलाखत झाली, २००७ला ऋजुता डॉक्टरकीच्या कॉलेजात गेली. मी आजींकडे राहिले. आजींनी मग खिडकी सोडलीच. वेम्बलीला कोथिंबीर, इल्फर्डला मैत्रीण, मंडळात भजन. मागच्या सीटवर मंडळातल्या मधुमतीबाई आणि आणखी दोघी, तिघीही वळणावर रामरक्षा म्हणणाऱ्या. दर वर्षी विम्याचं पत्र आलं की आजी आपला आकडा मोठ्याने वाचायच्या आणि सतीशकाकांना फोन करून कळवायच्या.

यंदा, २००९च्या फेब्रुवारीत, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता नको. आजी वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी लायसन्स पाकिटात घातलं आणि परत पाठवून दिलं. दोन महिने मी दारात उभी होते. आजी रोज सकाळी येऊन माझ्या काचेवरचं दव पुसायच्या आणि आत जायच्या. ते दिवस मला कठीण गेले.

ईस्टरला ऋजुता घरी आली. वीस वर्षांची झालीय. सुट्टीत कुत्र्यांच्या वसतिगृहात काम करून साठवलेल्या पैशांतून तिने माझा विमा स्वतःच्या नावावर काढला. सहाशे नव्वद. वर्षाचे सगळे एकदम भरले. पावती हातात घेऊन ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली.

आणि मे महिन्यात सरकारची योजना आली. दहा वर्षांची जुनी गाडी भंगारात द्या, नवी घेताना दोन हजार पौंडांची सूट. माझी किंमत आता दोनशेही नाही, आणि मेल्यावर दोन हजार. श्रीकांतरावांनी पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी चारही चाकांवर थरथरत होते. मग त्यांनी विमा कंपनीला फोन करून विचारलं, नव्या गाडीवर मुलीचा विमा किती. आकडा ऐकून त्यांनी पत्रक दुमडून कचऱ्यात टाकलं. ज्या विम्याने घरात रडारड केली, त्याच विम्याने मला वाचवलं. पुढच्या एप्रिलपर्यंत मी जिवंत आहे, हे नक्की.

तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमची पोरं पास झाली की पेढे वाटा, आकडा बघून छाती धरा, पण त्यांना अगदी एकटं सोडू नका. काही दिवस शेजारी बसा. आणि शेजारी बसलात तरी त्यांच्या हातातलं काम आपल्या हातात घेऊ नका.

आज रविवार. ऋजुता आजींना मिसेस पोलार्डकडे चहाला घेऊन गेली होती. पहिल्यांदाच आजी डावीकडे आणि ती उजवीकडे. जाताना आजींचा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. सूचना चालू होत्या, सावकाश, आता घाल पुढे, अगं गोगलगायही पुढे गेली असती. येताना बीकन्सफील्डच्या राउंडअबाउटनंतर सूचना थांबल्या. ऋजुताने वळून पाहिलं. श्रीकांतराव सांगतात, की मी चालवत असलो तरी आई गाडीत कधी डोळा मिटत नाही.

आम्हाला दारात येऊन वीस मिनिटं झाली. इंजिन बंद आहे. ऋजुता अजून उतरलेली नाही, हातात किल्ली धरून नुसती बसली आहे, कारण शेजारी आजी तोंड उघडं टाकून चांगल्या घोरतायत.